न रडणारी मुलगी

जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे पहिलीच्या वर्गात रडारड. बालवाडीत दोन वर्षं काढलेली मुलंसुद्धा मोठ्या शाळेच्या गेटशी आली की आईचा पदर, ओढणी, पर्सचा पट्टा, हाताला लागेल ते धरून ठेवतात. कोल्हापुरात तेव्हा पाऊस लागून राहिलेला असतो. रेनकोट, दप्तर आणि रडणारं मूल, तिन्ही ओलेच माझ्या ताब्यात येतात. बरीच वर्षं पहिलीला शिकवतेय, त्यामुळे या रडण्याची मला धास्ती वाटत नाही. रडणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, की आपलं माणूस गेटच्या पलीकडे राहिलंय. ते माणूस दुपारी पुन्हा दिसलं की रडणं थांबतं, आणि रोजच दिसतंय हे कळलं की सुरूच होत नाही.

काही मुलं मुळातच धीट असतात, ती रडत नाहीत. पण एखादं मूल असं येतं, की त्याचं न रडणं बघून मला चैन पडत नाही.

तशी एक मुलगी माझ्या वर्गात आली. तिचं नाव लिहिणं योग्य नाही. वर्गात सगळ्यांत लहानखुरी होती, म्हणून इथे तिला छोटी म्हणते. सहा वर्षांची. जन्मल्यापासूनची बहुतेक वर्षं मराठवाड्यातल्या एका संस्थेत काढून नुकतीच, काही आठवड्यांपूर्वी, दत्तक म्हणून आपल्या आईबाबांच्या घरी आलेली. पहिल्या दिवशी तिनं आईचा हात सोडला आणि मागं वळूनही न बघता वर्गात आली. दारातल्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या, त्या सगळ्या सरळ लावल्या, शेवटी आपली जोडी ठेवली. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या खिचडीसाठी रांग लावायची असते हे मी सांगायच्या आधीच ती रांगेत उभी होती. खाऊन झाल्यावर स्वतःचं ताट धुतलं, शेजारच्या रडणाऱ्या मुलाचंही धुतलं. शिक्षक खोलीत सगळ्या म्हणाल्या, किती गुणी पोर! बाहेर तिची आई मात्र गेटला टेकून उभी होती आणि डोळे पुसत होती. ‘बाई, तिनं एकदा तरी वळून बघायला नको होतं का?’

दुसऱ्या दिवशी खिचडीनंतर छोटी माझ्याजवळ आली आणि तिनं अगदी शांतपणे विचारलं, ‘बाई, झोपायची खोली कुठंय?’

या एका प्रश्नात तिचं सगळं वागणं उलगडतं. तिच्या नजरेनं आमची शाळा बघा. मोठी इमारत, घंटा, रांगा, एकसारखे कपडे, एकसारखी ताटं, झाडलोट करणाऱ्या मावशी, नावं पुकारून घेतली जाणारी हजेरी, आणि पुष्कळ मुलं. संस्था आणखी निराळी काय असते? त्यातून दत्तक देणाऱ्या संस्थांच्या शिशुगृहात सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. त्यापुढच्या मुलांना बालगृहात हलवतात. तिथे वाढणारी मुलं हे बघत असतात. आपल्यापेक्षा मोठी ताई एक दिवस पिशवी घेऊन जाते, ती मोठ्या मुलांच्या इमारतीत. छोटीची सहा वर्षं भरली होती. मग एक बाई आणि एक बाबा आले, त्यांच्या घरी थोडे दिवस राहून झालं, आणि आता ही मोठ्या मुलांची इमारत आली. तिनं लावलेली संगती तिच्यापुरती बरोबरच होती. पाच वर्षांवरच्या मुलाची दत्तक जाण्याला संमती घेतात. तिलाही फोटोंचा अल्बम दाखवून विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. पण ज्या मुलानं घर बघितलेलंच नाही, ते ‘घर हवं का’ याला हो म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय असतं?

मी तिला सगळी शाळा फिरवून दाखवली. वर्ग, मुख्याध्यापकांची खोली, पोषण आहाराची खोली, स्वच्छतागृह, वरचा मजला. सगळ्या खोल्या झाल्यावर म्हटलं, बघ, झोपायची खोली इथं नाहीच. इथं कुणीच झोपत नाही. मीसुद्धा घरी जाते, मावशीसुद्धा जातात. तिनं मावशींकडे जाऊन खात्री करून घेतली.

मनात आलं असतं तर तिच्या आईनं तिला त्या जूनमध्ये शाळेत घातलंच नसतं. अशा मुलानं निदान काही महिने आईबाबांजवळच राहावं, शाळा नंतर बघावी, असं माझंही मत आहे. पण आई एका खासगी कंपनीत नोकरीला. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची रजा मिळाली खरी, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं, ही अट घालून. सहा वर्षांची लेक घरी आणणाऱ्या आईला त्यात काही नव्हतं. ज्या मुलाला आईची ओळखच नव्यानं करून घ्यायची आहे त्याला वेळ जास्त लागणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आईनं साठवलेली रजा वापरली, बाबांनी थोडी घेतली, आणि आम्ही वेळापत्रकच बदललं. सुरुवातीला छोटी फक्त मधल्या सुट्टीपर्यंत थांबायची. आई वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसायची. मी सांगितलं होतं, की मोबाइलवर काम करा, पुस्तक वाचा, पण जागा बदलू नका. मान वळवली की आई तिथेच दिसली पाहिजे. छोटीनं पहिले काही दिवस मान वळवलीच नाही. मग एकदा वळवली. त्यानंतर तिच्या पाढ्यांपेक्षा तिचं ते वळून बघणंच मी मनात मोजत असे.

प्रवेशाच्या वेळची गोष्ट राहिलीच. दत्तकाचा अंतिम आदेश तेव्हा यायचा होता. दत्तकपूर्व संगोपन म्हणून मूल घरी येतं, आणि आदेश नंतर होतो. पूर्वी तो कोर्टातून यायचा, १ सप्टेंबर २०२२पासून तो जिल्हाधिकारी देतात. आदेश झाल्यावर आईबाबांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. म्हणजे शाळेत येताना छोटीजवळ नव्या नावाचा दाखला नव्हता. आमचे मुख्याध्यापक समजदार. शिक्षण हक्क कायद्यानं वयाच्या पुराव्यावाचून कुणाचा प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पण अर्ज भरताना टेबलापलीकडून एकेक प्रश्न येऊ लागले. जन्मठिकाण काय घालायचं? आधीचं नाव कुठलं? खुर्चीला टेकून छोटी सगळं ऐकत होती. मी तिला वर्ग दाखवायला घेऊन गेले. मूल समोर असताना हे प्रश्न विचारू नयेत. जनरल रजिस्टरचे रकाने सावकाशही भरता येतात.

नावाचाच एक धडा पुढे वर्गात आला. आजीनं हौसेनं नवं नाव ठेवलं होतं, बारसंही केलं होतं. हजेरीला मी ते नाव घ्यायची आणि छोटी गप्प बसून राहायची. शेजारचीनं कोपरानं ढोसलं की उभी राहायची. कान तपासून घ्या, असं कुणीतरी सुचवलं. कान उत्तम होते. सहा वर्षं ज्या नावाला ओ दिली ते अजून अंगावर होतं, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे, की इतक्या मोठ्या मुलाचं नाव बदलू नये. संस्थेतून निघताना त्याच्याजवळ सोबत न्यायला फार काही नसतं. नाव तेवढं असतं. पण आजीच्या मायेलाही मी नाकारू शकत नव्हते. आईबाबांशी बोलले. ठरलं ते असं, की घरी जुनंच नाव चालू ठेवायचं आणि मी वर्गात काही दिवस दोन्ही नावं जोडून घ्यायची.

त्याच सुमाराला २६ जून आला. कोल्हापुरात हा दिवस मोठा. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, दसरा चौकात पुतळ्याला हार, शाळाशाळांतून कार्यक्रम. पहिलीतल्या मुलांना मी दरवर्षी महाराजांच्या लहानपणाची गोष्ट सांगते. कागलच्या घाटग्यांच्या घरी १८७४ साली एक मुलगा जन्मला, त्याचं नाव यशवंतराव. तो अगदी लहान असताना त्याची आई राधाबाई वारली. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्याला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दरवर्षी मुलं इथे हत्ती-घोड्यांबद्दल विचारतात. त्या वर्षी छोटीनं हात वर केला. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच.

‘मग त्यांचं पहिलं नाव कुठं गेलं?’

मी म्हटलं, ‘कुठं जातंय? एवढी वर्षं झाली तरी मला ठाऊक आहे. आता तुला ठाऊक झालं. घरी जाऊन आईला सांग, म्हणजे तिलाही ठाऊक होईल.’

मधल्या सुट्टीत तिनं शेजारच्या मुलीला आपलं जुनं नाव सांगितलं. ते कुठून आलं, तेही सांगितलं. संस्था, तिथल्या मावशी, गाडीतून कोल्हापूरला येणं, सगळं. मोठी माणसं दत्तकाबद्दल हळू आवाजात बोलतात, पण छोटीला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. ऐकणारीनं विचारलं, ‘मग तुझी खरी आई कुठाय?’ मी पुढे होणार, तेवढ्यात छोटीनं व्हरांड्याकडे बोट केलं. ‘ही काय, बसलीया.’ शेजारणीचं समाधान झालं आणि दोघी खेळायला गेल्या.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी त्याआधी, १९०६ साली, राज्यभर तेच केलं होतं. सयाजीराव मूळचे नाशिककडच्या कवळाणा गावचे गोपाळराव. १८७५ साली, कळत्या वयात, दत्तक जाऊन बडोद्याच्या राजवाड्यात आले आणि तिथे शिकायला बसले. यातून मला काही सिद्ध करायचं नाही. पण प्रत्येक मुलाला शाळेत बसवायचा हुकूम काढणारे हे दोन्ही राजे स्वतः एका घरातून उठून दुसऱ्या घरात आलेले होते, हे मला दर २६ जूनला आठवतं आणि बळ देतं.

बाकी दिवस काही असे गोष्टीतले नव्हते. एकदा छोटीच्या दप्तरातून मुंग्यांची रांग निघाली. तळाशी पोळ्यांचे तुकडे, अर्धा लाडू, कागदात बांधलेली खिचडी. अन्नाची भ्रांत नसलेल्या घरात आलेलं मूलही अन्न लपवतं. उद्या मिळेलच, हा विश्वास पोटाला उशिरा बसतो. मी तुकडे काढून घेतले नाहीत, तिलाच टाकायला लावले. आईला एक लहान झाकणाचा डबा द्यायला सांगितला. त्यात शेंगदाणे-गूळ, आणि तो डबा दिवसभर तिच्या दप्तरात राहणार, कुणी मागणार नाही, संपवायची सक्ती नाही. नंतर नंतर तो भरलेला परत जाऊ लागला.

पेन्सिलीचं प्रकरण जास्त नाजूक निघालं. संस्थेत वस्तू सगळ्यांच्या असतात. छोटी आपली नवी कोरी पेन्सिल कुणालाही देऊन टाकायची आणि दुसऱ्याची सहज उचलायची. एका पालकांनी चोरी हा शब्द वापरला, तोही मुलांसमोर. मी त्यांना बाजूला घेतलं आणि हा शब्द माझ्या वर्गात सहा वर्षांच्या मुलाला लावू देणार नाही, असं सांगितलं. मग सगळ्याच मुलांच्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. छोटीला आपल्या नावाच्या चिठ्ठ्या इतक्या आवडल्या, की बाकावर, पाण्याच्या बाटलीवर आणि कपाळावरही लावून झाल्या.

सगळ्यांत गोड वाटणारी आणि मला सगळ्यांत जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच होती. केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले. छोटी उठली, त्यांचा हात धरला आणि मांडीवर जाऊन बसली. ते खूश झाले. किती लाघवी, किती धीट! ती कुणाचाही हात धरायची. पाव विकायला आलेल्या माणसाबरोबरही निघाली असती. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा २०००पासून वर्षानुवर्षं अभ्यास झाला. कुटुंबात गेल्यावर मुलांना माणसाची ओढ लागते, हे त्यातून दिसलं. परक्याला बिलगण्याची सवय मात्र काही मुलांत पुढेही टिकून राहते, असंही दिसलं. ज्याला सगळे सारखेच, त्याला कुणीच आपलं नाही. म्हणून मी ठरवलं, की या वर्षी मी मागं राहायचं. ती मला बिलगायला आली की मी हसून जवळ घ्यायची आणि म्हणायची, हे आईला सांगितलंस का? एकदा गुडघा खरचटला. जखम मी धुतली, पण पट्टी लावायला आईला बोलावून घेतलं. खरचटणं लहान होतं, पट्टीचीही गरज नव्हती. आई धावत आली, फुंकर घातली, पट्टी लावली. दुखलं की आई येते, हे तिला अनुभवानं कळायला हवं होतं, आणि ते काम माझ्यानं झालं नसतं. माझ्यासारख्या बाईला मुलांचं प्रेम मागं सारणं सोपं नाही. पण पहिलीची बाई वर्षभराची असते.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत छोटी सलग घरी राहिली. पै-पाहुणे, आजीबरोबर गौरी आणायला जाणं, आरतीला टाळ वाजवणं, रात्री आईच्या कुशीत झोपणं. सुट्टीनंतरच्या सकाळी गेटवर आरडाओरडा ऐकू आला. छोटी आईच्या कमरेला मिठी मारून रडत होती. ‘तू नको जाऊस, मला घरी न्ये.’ आईचा चेहरा पांढरा पडला होता. इतके दिवस सगळं नीट चाललं होतं, आता काय बिघडलं? कुणी मारलं का, कुणी काही बोललं का? सहकारी शिक्षिका म्हणाल्या, लाडावली, इतकी शहाणी होती.

मला इतका आनंद झाला होता, की तो लपवावा लागला. गेटच्या पलीकडे राहील असं तिचं माणूस आता तिला होतं. मी आईला म्हटलं, ‘घाबरू नका. हे जूनमध्ये व्हायचं, ते आत्ता होतंय.’ रडणं बरेच आठवडे चाललं. आम्ही पुन्हा व्हरांड्यातल्या बाकापासून सुरुवात केली, पुन्हा मधल्या सुट्टीपर्यंत. आईनं आपला एक रुमाल तिच्या कंपासपेटीत ठेवला. फळ्याच्या कोपऱ्यात मी घड्याळ काढायची, आई येण्याच्या वेळेवर काटे. आई त्या वेळेला आलीच पाहिजे, एक मिनिट उशीर नको, हे मात्र मी फार कडकपणे सांगितलं होतं. एके दिवशी भर पावसात रिक्षा मिळाली नाही म्हणून बाबा पळत आले होते.

त्या दिवसांतच तिनं चपला सरळ लावणं सोडलं. खिचडीत वाटाणे आवडत नाहीत म्हणून काढून ठेवू लागली. गृहपाठ केला नाही, आणि का केला नाहीस म्हटल्यावर ‘कंटाळा आला’ म्हणाली. भांडली, रुसली. दत्तक गेलेल्या मुलाची पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते. सामाजिक कार्यकर्त्या आल्या तेव्हा त्यांनी माझंही मत विचारलं. मी हे सगळं चांगल्या बातम्या म्हणून सांगितलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

एक बदल मी तेव्हापासून कायमचा केला. ‘माझे कुटुंब’ शिकवताना पाळण्यातला फोटो आणायला सांगत असू, आणि कुणाचं नाक कुणावर गेलंय ते विचारत असू. आता ‘तुम्हाला आवडणारा कुठलाही फोटो’ आणायला सांगते आणि घरात कोण कोण काय काम करतं ते काढायला लावते. एका मुलासाठी सवलत दिली तर ते मूल वेगळं पडतं, म्हणून सगळ्यांसाठीच बदललं. वडील गेलेली मुलं असतात, आजीकडे राहणारी असतात, आई ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांनाही पाळण्यातले फोटो कुठून आणायचे होते?

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश दिवाळीनंतर आला, पाठोपाठ नवा जन्मदाखला. बाबा तो घेऊन कार्यालयात आले आणि रजिस्टरमधल्या नोंदी पूर्ण झाल्या. छोटी तेव्हा मैदानावर लंगडी खेळत होती. तिला कुणी हाक मारली नाही.

या जूनमध्ये पहिलीत आणखी एक मुलगा येतोय, ओडिशातल्या संस्थेतून. देशभरातल्या मुलांची नोंदणी आता एकाच ठिकाणी होते, त्यामुळे कोल्हापूरच्या घरात दूरवरचं मूल येणं नवं राहिलेलं नाही. त्याला मराठी येत नाही, हिंदी थोडी कळते. आईबाबा परवा भेटून गेले. त्यांच्याकडून मी काही ओडिया शब्द देवनागरीत लिहून घेतलेत: पाणी, भूक, शू, पोट दुखतं, भीती वाटते. व्हरांड्यातला बाक दाखवला, कोण कधी बसणार ते ठरवलं. ‘आई साडेबाराला येणार आहे’ हे वाक्य मात्र त्यांनाही सांगता येईना. ते संस्थेतल्या मावशींना फोन करून विचारणार आहेत आणि सोमवारपर्यंत मला लिहून देणार आहेत.